पाणवठा, पंगत आणि पवित्र शास्त्र



मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर एक कॅलेंडर असतं आणि त्यावर बायबलमधलं एखादं वचन छापलेलं असतं. यिर्मयाच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन त्यात पुष्कळदा दिसतं. देवाच्या मनात आपल्यासाठी जे आहे ते भल्याचं आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. मुलगा परीक्षेला निघाला की आई हे वचन म्हणते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दवाखान्यात उशाशी बसून कुणी ते वाचतं. त्या आईच्या विश्वासाला मी धक्का लावणार नाही. पण हे शब्द मुळात कुणाला उद्देशून होते, हे तिला सहसा कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे वेदीवरून बोलणाऱ्यांचं काम आहे.

ते एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं आणि राजा, सरदार, कारागीर, लोहार अशा हजारोंना बाबेलला नेलं. इकडे यरुशलेमच्या मंदिरात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हवं होतं तेच तो बोलत होता. यिर्मयाने बाबेलला पत्र पाठवलं ते नेमकं याच्या विरुद्ध. सत्तर वर्षं लागतील, असं त्याने दहाव्या वचनात लिहिलं. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा. आणि ज्या शहरात तुम्हाला बंदिवान करून नेलं आहे त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. पत्र ऐकणारी थोरली माणसं बाबेलमध्येच मरणार होती. अकरावं वचन त्यांना सांगितलेलं आहे. ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी सुटका दिसणार नाही, त्यांनी नातवंडांच्या भरवशावर झाडं लावावीत, असं ते वचन म्हणतं.

दहावं वचन गाळून अकरावं वाचलं की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचं भाषण येतं. आज अनेक सभांमधून हेच होतं. दान द्या, कर्ज फिटेल. विश्वास धरा, आजार जाईल. फिलिप्पैकरांस पौलाने लिहिलेल्या पत्रातलं, आपण सारं काही करू शकतो अशा अर्थाचं वचन तर यशाच्या घोषणेसारखं वापरलं जातं. पौल ते तुरुंगातून लिहितो आहे, आणि उपाशी राहायलाही आपण शिकलो आहोत असं त्याच्या अगोदरच्या वाक्यात सांगतो आहे. मला या वाचनाचा राग येतो. कारण त्याची किंमत प्रवचनकार देत नाही. नापिकीच्या वर्षी सोयाबीनचे पैसे दानपेटीत टाकून घरी गेलेला शेतकरी देतो.

शास्त्र कसं वाचावं हा प्रश्न ग्रंथाला मानणाऱ्या प्रत्येक समाजापुढे असतो, म्हणून ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांपुढेही मी तो मांडतो आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी याच गोदाकाठाने फिरले. त्यांच्या मागे शिष्यांनी त्यांची वचनं सूत्रपाठात जपली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणतं सूत्र स्वामी कुठे, कुणाला, कोणत्या प्रसंगी बोलले, हेही त्यांनी ‘प्रकरणवश’ या स्वतंत्र ग्रंथात नोंदलं. सूत्र पाठ असलेला पण प्रकरण ठाऊक नसलेला माणूस अर्धाच जाणता, अशी ती शिस्त होती. केशिराजबासांच्या दृष्टान्तपाठात आधी सूत्र येतं, मग दृष्टान्त येतो आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त मूळ मुद्द्याला कसा लागू होतो ते. वचन, त्यातली गोष्ट आणि तिचं लागू पडणं ही तिन्ही अंगं मराठी माणसाने सातशे वर्षांपूर्वी वेगळी ओळखली होती. ख्रिस्ती प्रवचनात आपण मधलं अंग, म्हणजे गोष्ट, घाईने उरकतो आणि सूत्रावरून थेट उपदेशावर उडी मारतो.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात क्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा त्याने ओवी घेतली आणि पुराण सांगण्याची रीतही घेतली. श्रोते शंका विचारतात, पाद्रीगुरू उत्तर देतात. मराठीत बायबल सांगायला सुरुवात झाली ती अशी, श्रोत्याला प्रश्न विचारायची मुभा ठेवून. आज किती मंडळ्यांमध्ये उपासना चालू असताना कुणी उभं राहून शंका विचारू शकेल?

आता एका गोष्टीपाशी जरा थांबतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनातल्या सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर दमून बसतो. भर दुपार आहे. पाणी भरायला एक बाई येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. बाई चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत, त्यांच्या भांड्यातलं घेत नाहीत. मराठवाड्यात हे वाक्य समजवायला टीकाग्रंथ लागत नाही. कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं आणि कुणाला चालत नाही, हे इथल्या प्रत्येक जुन्या पाणवठ्याला ठाऊक होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते याच नियमाविरुद्ध.

या बाईला पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याकडे राहते तो तिचा नवरा नाही, असं येशू सांगतो. आमच्याकडे शंभरातली नव्वद प्रवचनं या एका वाक्यावर उभी राहतात. पापिणी, चवचाल, तोंड लपवून दुपारी पाण्याला आलेली, अशी तिची ओळख करून दिली जाते. पण तो अध्याय नीट वाचा. येशू तिला पापी म्हणत नाही, पश्चात्ताप कर म्हणत नाही, पुन्हा असं करू नकोस असंही म्हणत नाही. त्या काळी सोडचिठ्ठी देणं पुरुषाच्या हातात होतं. पाच नवऱ्यांपैकी किती मेले, कितींनी टाकलं, दिराच्या घरी तिला किती वेळा बसवलं, हे कुणी विचारत नाही. अंगणातल्या तुळशीलाही टाकलेल्या बाईची हकीगत ठाऊक असते, अशा मुलखात आपण तिच्यावर थेट शिक्का मारून मोकळे होतो.

योहान ही गोष्ट कुठे ठेवतो तेही पाहावं. तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा प्रतिष्ठित शास्त्री रात्रीच्या अंधारात येशूला भेटायला येतो आणि गोंधळून परत जातो. चौथ्या अध्यायात नाव नसलेली, परकी ठरवलेली बाई दिवसाढवळ्या त्याच्याशी वाद घालते, देवाची उपासना कोणत्या डोंगरावर करावी असं विचारते, आणि आपण मसीहा आहोत हे तो तिला स्वतःहून सांगतो. चारही शुभवर्तमानांत येशूचा एखाद्या माणसाशी झालेला सर्वांत लांब संवाद हाच आहे. घागर तिथेच टाकून ती गावात जाते, गावाला घेऊन येते, आणि गावकऱ्यांच्या आग्रहावरून येशू तिथे दोन दिवस राहतो. दोन दिवस म्हणजे तो त्यांच्या घरी जेवला असणार, त्यांच्या भांड्यातून पाणी प्यायला असणार. या ओळीवर मी आजवर फार थोडी प्रवचनं ऐकली.

याच अध्यायाने एका मराठी स्त्रीच्या आयुष्याची दिशा बदलली. अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी रमाबाई १८५८ मध्ये जन्मली. आईने तिला संस्कृत शिकवलं. घरदार नसलेलं हे कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडत होतं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या भगिनी मठात पोचल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमचं एक आश्रयगृह दाखवलं. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे काम शिकत होत्या, दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. या बायकांना ख्रिस्ती लोक जवळ का घेतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. ही हकीगत रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेवली आहे.

आधी आश्रयगृह आणि मग अध्याय, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शास्त्राचा अर्थ त्यांना आचरणातून दिसला आणि मग त्यांनी शास्त्र उघडून तो पडताळला. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या त्या विदुषीने पूर्वी हजारो श्लोक पाठ केले होते, आणि त्या श्लोकांचे अर्थ लावणारे लोक विधवेला कुठे बसवतात हेही सोसलं होतं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर त्यांनी मान तुकवली नाही. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. चर्च म्हणतं म्हणून मान, ही मागणी त्यांनी नाकारली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली माणसं पुन्हा दुसऱ्या कुणाच्या जोखडाखाली जाणार नाहीत, या आशयाचं त्यांचं उत्तर होतं. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्या बायबल हातात घेऊन प्रश्न विचारत राहिल्या. इंग्लंडात परक्याच्या आश्रयाला राहून, पंचविशीतल्या विधवा आईने हा वाद घातला. मराठी ख्रिस्ती समाजाने रमाबाईंची भक्ती आठवणीत ठेवली. त्यांची चिकित्सा मात्र आपण सोयीने विसरलो, आणि माझ्या मते त्यामुळे आपलं अतोनात नुकसान झालं.

१८८९ मध्ये मुंबईला रमाबाईंचं शारदा सदन हे विधवांसाठीचं विद्यालय सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे बायकामुलींना घेऊन आल्या. पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या नव्याने अक्षर शिकलेल्या बाईला ते दुसऱ्याची मदत न घेता वाचता यावं, हा हेतू होता. खिळे जुळवायला, छपाई करायला मुक्तीतल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्यांच्यावर शास्त्राच्या नावाने अन्याय झाला त्यांच्याच हातात शास्त्र देणं, यापेक्षा मोठी व्याख्या मला मराठीत दुसरी दिसत नाही.

विहिरीचा विषय निघालाच आहे, तर जामखेडलाही जाऊन येऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. मोठ्या शहरात दवाखाना घालणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी गावोगावच्या निरक्षर, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावात पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेतले जातील असं पाहिलं. मग पाण्यासाठी सवर्णांना तिकडे जावं लागलं. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योहानाच्या चौथ्या अध्यायाचं एवढं नेमकं दार्ष्टान्तिक मी कुठल्याही धर्मपीठावरून ऐकलेलं नाही.

पाण्यानंतर पंगत. करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, जो अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेतो तो दोषी ठरतो, अशा अर्थाचा कडक इशारा आहे. आमच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी या वचनाचा केवढा धाक असतो! भांडण झालेली सून भाकर घेत नाही. एखादा तरुण सिगारेट ओढली म्हणून मागच्या बाकावर बसून राहतो. प्रत्येक जण आपापल्या मनात पाप शोधतो.

पण त्याच्या आधीची दहा वचनं काय सांगतात? करिंथची मंडळी एखाद्या ऐपतदाराच्या घरी जमत असे. ज्यांच्यापाशी वेळ आणि पैसा होता ते लवकर येऊन पोटभर जेवत, पिऊन तर्र होत. ज्यांच्यापाशी काही नव्हतं ते उपाशी राहत. दिवसभर राबून उशिरा येणारे मजूर आणि गुलाम ते असावेत, असं अभ्यासक मानतात. पौल याला गरिबांना लाज आणणं म्हणतो. त्याचा शेवटचा आदेशही तसाच साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अयोग्य रीत ती हीच. ज्या पंगतीत गरिबाचा अपमान होतो ती प्रभूची पंगत नव्हे, असा तो इशारा आहे, आणि तो सिगारेट ओढणाऱ्या पोराला नसून पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना आहे.

पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढलं आणि ब्राह्मणांचा रोष पत्करला, ही कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. नाथांची ती पंगत डोळ्यांपुढे ठेवली की करिंथकरांचा अकरावा अध्याय मराठी माणसाला लगेच उलगडतो. पंगतीचा आणखी एक प्रसंग बायबलमध्ये आहे. अंत्युखियाला येशूचा शिष्य पेत्र परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसला होता. यरुशलेमहून माणसं आली तशी तो उठला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. गलतीकरांच्या पत्रात ही हकीगत आहे. बाप्तिस्मा घेऊन तीन-चार पिढ्या झाल्यावरही सोयरीक जुळवताना मूळची जात विचारणाऱ्या आमच्या लोकांनी हा भाग मोठ्याने वाचावा.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. प्रसंग आणि काळ पाहून वाचायचं म्हटलं की काही हुशार माणसांना पळवाट सापडते. संपत्तीविषयी येशू कडक बोलला? तो काळ निराळा. शत्रूवर प्रेम करा? ते त्या वेळच्या लोकांसाठी. अशा रीतीने सगळंच शास्त्र जुन्या काळात परत पाठवता येतं आणि वाचणारा मोकळा राहतो. याला आवर घालणारी कसोटी येशूनेच दिली. सगळं नियमशास्त्र देवावरच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीवर टांगलेलं आहे, असं तो म्हणाला. आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने सोळाशे वर्षांपूर्वी हेच नियम म्हणून मांडलं: ज्या अर्थातून ही दुहेरी प्रीती वाढत नाही तो लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही. म्हणून प्रकरण पाहायचं ते वचनाचं ओझं हलकं करण्यासाठी नव्हे. पुष्कळदा ते वाढतं, आणि ते नेमकं कुणाच्या खांद्यावर आहे हे कळतं.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, या पौलाच्या वाक्याविषयी थोडक्यातच बोलतो, कारण त्यावर फार शाई खर्च झाली आहे. ते करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं आहे, आणि त्याच पत्रात तीन अध्याय आधी प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया गृहीत धरलेल्या आहेत. रोमकरांच्या पत्रात तो फिबीची सेविका म्हणून ओळख करून देतो. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अपुल्लोसारख्या वक्त्याला आपल्याकडे नेऊन शिकवतात. एवढं सगळं पुसून एक वाक्य उरवायचं आणि त्यावर कुलूप घालायचं, याला मी शास्त्रनिष्ठा म्हणत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या स्टेशनवर मनमाडकडे जाणारी गाडी धरली की परतूरनंतर जालना येतं. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे. ते वसवलं नारायण शेषाद्रींनी. हे ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईला ख्रिस्ती झाले, पुढे स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून निजामाच्या राज्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी हे गाव वसवलं आणि त्यांचं काम मुख्यतः मांग समाजात झालं. गावाला त्यांनी नाव दिलं ते उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातलं. भावाला फसवून पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो आणि तिथेच त्याला देव भेटतो, ती ही जागा. गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांच्या वस्तीला यापेक्षा साजेसं नाव मला सुचत नाही.

मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात मांग आणि महार समाजांतून आलेला आहे. ही ओळख लपवून बायबल वाचायचं की ती घेऊन वाचायचं? महाराष्ट्रातलेच एक धर्मशास्त्रज्ञ, अरविंद निर्मळ, यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात या प्रश्नाला तोंड फोडलं आणि तिथून दलित धर्मशास्त्र नावाची विचारधारा पुढे आली. त्यांनी पाया म्हणून घेतलेला उतारा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातला आहे. सुगीत पहिलं पीक टोपलीत घालून शेतकरी याजकापुढे येतो. तिथे तो आपली थोरवी सांगत नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आपल्याला राबवून घेतलं, आपण आक्रोश केला आणि देवाने आपल्याला बाहेर काढलं, असं तो सांगतो. निर्मळांचं म्हणणं असं की आपण कोण होतो हे आठवल्याशिवाय विश्वासाची कबुलीच पुरी होत नाही. त्या विधीचा शेवटही सुंदर आहे: मग त्या शेतकऱ्याने लेव्याला आणि गावातल्या परक्याला सोबत घेऊन आनंद करायचा.

अनुवादाचं पुस्तक मी सेलूसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात पुन्हा पुन्हा वाचावं असं म्हणेन. त्यात शेतकऱ्याला सांगितलेलं आहे की शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नको. ती परका, पोरका आणि विधवा यांची. आपल्याकडे सरवा वेचणाऱ्या बाया सुगीनंतर शेतात दिसत, त्यांना बायबलमधल्या, त्यांच्यासारखाच सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट सांगितली तर भाष्य लागणार नाही. सावकाराला सांगितलेलं आहे की जात्याची तळी गहाण घेऊ नको, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखं आहे; गहाण वस्तू आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा; मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे. दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन स्वर्गाचं सांत्वन देणाऱ्या पाळकाने ही वचनंही त्या घरात, आणि कर्ज देणाऱ्याच्या घरातही, वाचली पाहिजेत.

याच पुस्तकात शब्बाथाची आज्ञा दुसऱ्यांदा येते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तिचं कारण असं दिलेलं आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलतं. तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखा विसावा मिळावा. आणि तूही मिसरात गुलाम होतास याची आठवण ठेव. एकच आज्ञा, पण नव्या पिढीला सांगताना मोशे तिचं कारण मजुराच्या अंगाने सांगतो. शास्त्र स्वतःच स्वतःची नवी व्याख्या कशी करतं, याचा हा नमुना आहे. आमच्याकडे मात्र शब्बाथावरचा सगळा वाद रविवारी दुकान उघडावं की नाही, क्रिकेट खेळावं की नाही, यातच संपतो.

परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांतून दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी आली, ताप आला, मूल आजारी पडलं, तरी खाडा तो खाडाच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हा खाडा होता. विसाव्यावर दंड आकारणारी ही व्यवस्था मिसरातल्या विटांच्या भट्ट्यांपेक्षा किती वेगळी आहे ते निर्गमाचा पाचवा अध्याय उघडून पाहावं. तिथेही मजूर सुट्टी मागतात, तर फारो त्यांना आळशी ठरवतो आणि पेंढा बंद करून विटांची संख्या तेवढीच ठेवतो.

या टोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबंही असतात, आणि बायबल मानणाऱ्यांची जबाबदारी केवळ ख्रिस्ती मजुरापुरती नाही, कारण आज्ञेत परक्याचं नावही आहे. यिर्मयाने बाबेलमधल्या मूठभर बंदिवानांना परक्या शहराचं भलं पाहायला सांगितलं होतं. मराठवाड्यातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांनाही तेच काम आहे. म्हणून माझी जालना-परभणीकडच्या मंडळ्यांना एक विनंती आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्याआधी अनुवादाचे पाचवा, पंधरावा आणि चोविसावा हे तीन अध्याय देवळाबाहेर, गावच्या पारावर वाचा. मजुरांना बोलवा, मुकादमांना बोलवा, वारकरी, बौद्ध, मुसलमान शेजाऱ्यांना बोलवा. प्रवचन करू नका. वाचा आणि सगळ्यांना बोलू द्या. उचलीचा कागद कुणाकडे असतो, हिशेब कोण लिहितं, पाळीच्या दिवसांत काय होतं, हे बायकांना आधी सांगू द्या. आणि त्या बैठकीत ठराव एकच करायचा झाला तर तो आजारी बाईच्या खाड्याचे पैसे कापू नयेत असा करा, मुकादमाची सही घ्या, आणि पुढच्या वर्षी टोळ्या परत आल्या की तो पाळला गेला की नाही ते विचारायला त्याच पारावर पुन्हा जमा.